आखाजीचे मोबाइलवरचे तुकडे जोडून घरची फिल्म कशी करावी?

तुमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे जमले तेव्हाचे चाळीसेक तुकडे आहेत, एडिटिंग कधी केलेलं नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की चित्र फुटतं, असं तुम्ही लिहिलंय. दोन वर्षांपूर्वी मीही इथेच अडले होते. आम्ही खानदेशातल्या चोपड्याकडचे.

आधी सगळे मूळ तुकडे पेनड्राइव्हवर किंवा कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. मग मोबाइलवर व्हीएन किंवा इनशॉट हे एडिटिंगचं अ‍ॅप घ्या, दोन्ही फुकट चालतात. प्रोजेक्ट उघडताच चौकट ठरवा. टीव्हीवर बघायचं असेल तर आडवी, १६:९. उभे तुकडे मध्ये बसतात, बाजूला धूसर पार्श्वभूमी देता येते. प्रत्येक तुकड्याची सुरुवात आणि शेवट कापा, कारण फोन सावरण्यातच दोन-तीन सेकंद जातात.

खरं सांगायचंय ते आवाजाबद्दल. पहिल्या खेपेला मी सगळा आवाज बंद करून वर सिनेमाचं गाणं टाकलं होतं. सुरतेहून नणंदेचा फोन आला, "वहिनी, आईचा आवाज कुठे गेला?" मी परत मूळ तुकडे ऐकले. सासूबाई मांडे करत होत्या. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवायची, त्याचा तो फट-फट आवाज, चुलीतलं लाकूड, आणि मध्येच माझ्याकडे बघून, "काय करी ऱ्हायनी तू?" हे सगळं मीच पुसून टाकलं होतं.

दुसऱ्यांदा असं केलं. मांड्यांचा चार मिनिटांचा तुकडा खाली अखंड ठेवला. त्याच्यावर ओव्हरले म्हणून, म्हणजे वरच्या थरात, निंबाच्या झोक्यावरच्या पोरी, आमरसाचं पातेलं, ओट्यावर बसलेले भाऊजी असे छोटे तुकडे टाकले आणि फक्त त्यांचा आवाज बंद केला. चित्र बदलतं, कानावर मात्र स्वयंपाकघरच राहतं. झोक्यावरची अहिराणी गाणी मात्र पूर्ण ठेवा, कडव्याच्या मधे कापू नका. पोरी पुढचं कडवं आठवायला थांबतात, ती शांतताही राहू द्या. पंख्याची घरघर फार असेल तर तेवढ्याच तुकड्याचा आवाज कमी करा.

एक्सपोर्ट १०८०पी, ३० फ्रेम. सहा-सात मिनिटांची फिल्म पुरे.

पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपमध्ये गॅलरीतून नेहमीसारखा व्हिडिओ पाठवू नका, तिथे तो दाबला जातो. जोडणीच्या खुणेतून 'डॉक्युमेंट' निवडून फाइल पाठवा, मूळ दर्जा तसाच जातो. २ जीबीपर्यंतची फाइल चालते. ज्यांच्या फोनमध्ये जागा नसते त्यांच्यासाठी यूट्यूबवर 'अनलिस्टेड' टाकून लिंक द्या. ती शोधून सापडत नाही, पण लिंक हाती आलेला कोणीही बघू शकतो, आणि आपल्याकडे लिंक पुढे ढकलायला वेळ लागत नाही. म्हणून पाठवण्याआधी मी फिल्म सासूबाईंना आणि जावेला दाखवली. जावेने हौदावर पोरांना आंघोळ घालतानाचा तुकडा काढायला सांगितला, मी काढला. सासूबाईंनी मांड्यांचा भाग दोनदा बघितला आणि म्हणाल्या, तिसरा मांडा फाटला होता तोही राहू दे, पोरींना कळेल कुठे फाटतो ते.