घर आपलं, जमीन त्यांची

प्रश्न : ताई, नमस्कार. निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत एका मोबाइल होम पार्कमध्ये, म्हणजे भाड्याच्या जागेवर आणून ठेवलेल्या तयार घरांच्या वसाहतीत, घर घेतलं. पंचावन्नच्या पुढच्यांसाठीचं पार्क आहे. घराचे पैसे एकरकमी दिले, जागेचं भाडं दर महिन्याला भरतो. अलीकडे मालकाने पार्कचा कारभार एका नव्या कंपनीकडे दिला आणि लगोलग दारात नवी जाडजूड नियमावली येऊन पडली. सोबत चिठ्ठी : आठवडाभरात सही करून ऑफिसात द्या. पाहुणा सात दिवसांच्या वर राहता कामा नये, आल्याबरोबर ऑफिसात त्याची नोंद करा, रहिवाशांना क्लबहाऊसमध्ये बैठक घ्यायची तर विमा काढून आणा, असं बरंच काही त्यात आहे. माझी मुलगी बाळाला घेऊन पंधरा दिवस राहायला येणार आहे. गल्लीतले सगळेच वैतागलेत, पण ऑफिसशी वाकडं कोण घेणार? ‘तुम्ही पुण्यात सोसायटीचे सेक्रेटरी होतात, आता इथे असोसिएशन काढा,’ असं शेजारी म्हणतात. काढू का? आणि सही करू का?

उत्तर : सही आत्ता करू नका. नियमावली कधी मिळाली ती तारीख त्यावर टाका, कागद फाइलला लावा आणि शेजाऱ्यांनाही हेच आजच्या आज सांगा.

कॅलिफोर्नियात मोबाइल होम पार्कांसाठी १९७८ पासून वेगळा कायदा आहे, मोबाइलहोम रेसिडेन्सी लॉ. नियम कसे बदलायचे हे त्यात ठरवून दिलंय. आधी सगळ्या घरमालकांना, म्हणजे घर स्वतःचं असलेल्या तुमच्यासारख्या रहिवाशांना, निदान १० दिवसांची लेखी सूचना द्यायची, मग बैठक घेऊन त्यांच्याशी सल्लामसलत करायची. त्यानंतर जो घरमालक संमती देईल त्याला नवा नियम लगेच लागू करता येतो. जो देणार नाही त्याला निदान ६ महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. पोहण्याचा तलाव वगैरे करमणुकीच्या सोयींचे नियम तेवढे ६० दिवसांच्या नोटिशीवर बदलता येतात. आता आठवडाभरात सही का हवी आहे, ते तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्ही सही केलीत की ते ६ महिने तुम्ही आपल्या हाताने सोडून दिलेत. बैठकच झाली नसेल, तर पहिली पायरीच राहिली आहे.

मुलीला खुशाल येऊ द्या. सलग २० दिवस किंवा वर्षभरात मिळून ३० दिवस, एवढ्या मर्यादेत राहणाऱ्या पाहुण्याबद्दल कसलीही फी लावता येत नाही आणि त्याची ऑफिसात नोंद करायची सक्तीही नाही. हे कायद्यातच लिहिलंय. कायद्याने दिलेले हक्क भाडेकरारातल्या एखाद्या कलमाने काढून घेता येत नाहीत, त्यामुळे इथे सहा महिने थांबूनही कंपनीला सात दिवसांचा नियम रेटता येणार नाही. क्लबहाऊसचंही तसंच. रहिवाशांना आपल्या राहण्याच्या प्रश्नांवर तिथे योग्य वेळी जमता येतं, त्यासाठी अनामत मागता येत नाही आणि विम्याची अटही घालता येत नाही. बैठकीत मद्य ठेवणार असाल तरच विमा मागता येतो, तेव्हा चहावर भागवा. भाडेकरारासोबत या कायद्याची प्रत जोडलेली असायला हवी. तुमच्या कागदांत ती शोधा. नसेल तर ऑफिसातून मागून घ्या आणि या तीन गोष्टींवर पेन्सिलने खूण करून ठेवा.

आता असोसिएशनकडे वळते. काढा, जरूर काढा. पण सोसायटीच्या सवयीने काढू नका. पुण्यातल्या सोसायटीत सेक्रेटरी चुकला तर वार्षिक सभेत त्याला धारेवर धरता येतं, कारण तो तुमच्या मतांवर निवडून आलेला असतो आणि इमारतीत तुमचाही वाटा असतो. इथे मॅनेजर मालकाचा नोकर असतो. तुमच्या बैठकीत शंभर टक्के मतांनी ठराव झाला, तरी त्याने तो पाळलाच पाहिजे असं नाही. इथे असोसिएशनच्या हातात सत्ता नसते. तिचं बळ दोन गोष्टींत असतं : सगळ्यांनी एकच गोष्ट एकाच वेळी लेखी मागायची आणि त्या मागणीच्या पाठीशी कायद्याचं कलम असायचं.

ही घरं ‘मोबाइल’ म्हणवतात, पण तुमचं घर हलवायचं म्हणजे काय करावं लागेल ते एकदा शांतपणे बघा. खालचे लोखंडी टेकू, घराखालची पोकळी झाकणारं भोवतीचं स्कर्टिंग, कारपोर्ट, व्हरांडा, गॅस, पाणी, मैलापाण्याच्या जोडण्या, हे सगळं सोडवावं लागेल. डबल-वाइड, म्हणजे दोन भाग जोडून केलेलं घर असेल तर मधून दोन भाग करावे लागतील. हजारो डॉलर्स खर्चून ते ट्रेलरवर चढवाल, पण न्यायचं कुठे? जुनं घर घेणारी रिकामी जागा दुसऱ्या पार्कात सहसा मिळत नाही. १५ जून १९७६ पासून या घरांना केंद्र सरकारची बांधणी मानकं लागू झाली, त्याआधीचं घर असेल तर विचारूच नका. एरवी भाडेकरू जास्तीत जास्त सामान उचलून निघून जातो. आपल्याला तेही करता येत नाही. आयुष्याची पुंजी दुसऱ्याच्या जमिनीवर उभी असते. म्हणून तर इथे वेगळा कायदा करावा लागला आणि म्हणूनच शेजाऱ्यांनी एकमेकांना धरून राहणं ही इथली गरज आहे.

शेजारी घाबरतात याचं मला मुळीच नवल वाटत नाही. त्यांना एवढंच सांगा की पार्कमधून काढण्याची कारणं कायद्यात मोजून दिलेली आहेत. भाडं थकवणं, नियम मोडून नोटिशीनंतरही न सुधारणं, इतरांना सतत उपद्रव देणं, पार्क बंद होणं अशी ती आहेत. त्यातही कारण लिहून निदान ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. शेजाऱ्यांना बैठकीला बोलावणं हे त्या यादीत नाही. घरोघर जाऊन पत्रकं वाटणंही नाही. उलट, त्या दोन्ही गोष्टींना कायद्याचं संरक्षण आहे.

आमच्या पार्कच्या असोसिएशनचं सेक्रेटरीपद माझ्याकडे आहे, त्यामुळे पुढचं जे सांगते ते रोजच्या कामातलं आहे. सुरुवात भांडणाने करू नका. आधी प्रत्येक दार वाजवा आणि यादी करा : घरात कोण कोण आहे, कुठली भाषा बोलतात, आणीबाणीत कोणाला कळवायचं, कोणाचं ऑक्सिजनचं यंत्र विजेवर चालतं. आमच्याकडे प्रत्येक गल्लीला एक जण नेमलेला आहे. वीज गेली की तो आपल्या यादीतली यंत्रवाली घरं आधी गाठतो. भूकंपात टेकूंवरचं घर सरकून गॅसची जोडणी तुटू शकते, म्हणून गॅसचा कॉक बंद करायचा पाना कुठे टांगलाय हे गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक असतं. या यादीमुळे माणसं बैठकीला यायला लागली. भाडेवाढीच्या पत्रकाने ती आली नव्हती.

सॅन होजेतल्या पार्कांत व्हिएतनामी आणि स्पॅनिश बोलणारी पुष्कळ घरं आहेत. बैठकीची सूचना नुसती इंग्रजीत काढलीत तर त्यांना तुम्ही बोलावलंच नाही असं होतं. आमची सूचना तीन भाषांत, मोठ्या टायपात, एका पानावर निघते. बैठकीत दोन शेजारी दुभाष्याचं काम करतात. वक्ता दोन वाक्यं बोलून थांबतो, ती फिरवली जातात, मग तो पुढे बोलतो. वेळ दुप्पट लागतो, पण शेवटी हात वर होतात तेव्हा कशावर होताहेत हे सगळ्यांना माहीत असतं.

पहिल्याच बैठकीत घटना लिहायला घ्या. दोन पानं पुरतात. किती जण हजर असले की निर्णय धरायचा, निवडणूक कधी, वर्गणी किती, बँक खात्यावर कोणाच्या सह्या. अध्यक्ष दोन वर्षांनी बदलायचाच, हे कलम घालाच, असं मी आग्रहाने सांगते. एकच उत्साही माणूस सगळं ओढत राहतो, मॅनेजर त्याच्याशीच बोलायला लागतो, बाकीच्यांना बातम्या मागाहून कळतात आणि मग असोसिएशन म्हणजे त्या माणसाचं खासगी प्रकरण होऊन बसतं. तुमच्या उत्साहाला मी कमी लेखत नाही. पण अध्यक्ष तुम्ही झालात तर खजिनदार दुसऱ्या गल्लीतला असू द्या आणि बैठकीचा वृत्तान्त चार दिवसांत प्रत्येक दारी पोचवा, न आलेल्यांच्याही.

मग कंपनीला पत्र लिहा. नियम, देखभाल, सोयींतले बदल यांवर रहिवाशांनी लेखी मागणी केली तर व्यवस्थापनाला ३० दिवसांत भेटावं लागतं. पत्रात राग नको, प्रश्नांना क्रमांक घाला, मागे सह्या जोडा. भाडेवाढीची नोटीस ९० दिवस आधी यावी लागते. शिवाय सॅन होजेत शहराचा भाडेनियंत्रणाचा अध्यादेश आहे आणि बहुतेक जुनी पार्कं त्याखाली येतात. तुमचं येतं का, ते शहराच्या गृहनिर्माण विभागाला विचारा. एवढं करूनही कंपनी ऐकेना, तर राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे, म्हणजे एचसीडीकडे, तक्रार करता येते. जुलै २०२० पासून तिथे या कायद्याच्या भंगाच्या तक्रारी घेतात आणि त्यासाठी पार्कमधल्या प्रत्येक जागेमागे वर्षाला १० डॉलर गोळा होतात. बरेचदा ते तुमच्याच बिलात आलेले असतात, तेव्हा संकोच करू नका. जीएसएमओएल ही घरमालकांची राज्यव्यापी संघटना १९६२ पासून काम करते आहे, तिचं सभासदत्व घ्या. जुन्या पार्कांतल्या अनुभवी माणसांचा सल्ला मिळेल.

प्रश्न : ताई, मला ऑफिसातून सात दिवसांची नोटीस आली. व्हरांड्यात दोरीवर वाळत घातलेल्या साड्या आणि ड्राइव्हवेवरच्या कुंड्या काढा म्हणे. शेजारणीनेच तक्रार केली, हे मला पक्कं ठाऊक आहे. मॅनेजरची स्वतःची मोडकी बोट मात्र पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये उभी असते. मी नोटिशीला उत्तरच देणार नाही.

उत्तर : उत्तर द्या, आणि सात दिवसांच्या आत द्या. तुमचा संताप मला समजतो. पण एकाच नियमासाठी १२ महिन्यांत तीनदा नोटीस आली, तर चौथ्या वेळी सुधारण्याची ही सात दिवसांची नोटीस न देताच पार्क सोडायला लावण्याची कारवाई सुरू करता येते. तुमचं घर साड्यांपायी पणाला लावू नका. आधी नियमावलीत तो नियम खरंच आहे का ते बघा. असेल तर साड्या आत घ्या, कुंड्या हलवा, तारीख दिसेल असा फोटो काढा आणि ‘अमुक तारखेला पूर्तता केली’ असं एका ओळीचं पत्र देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्या.

बोटीचा मुद्दा सोडायचा नाही. पार्कचा मालक आणि त्याचे कर्मचारी यांनाही रहिवाशांइतकेच नियम पाळावे लागतात, तसं कलम आहे, अपवाद थोडे आहेत. ते वेगळ्या पत्रात लिहा, पूर्तता केल्यानंतर. दोन्ही एका कागदावर आलं की तुमचा मुद्दा सबबीसारखा वाचला जातो.

शेजारणीकडे मात्र स्वतः जा. पातळ भिंती, दोन घरांत जेमतेम दहा-बारा फूट जागा, तिचा टीव्ही तुम्हाला ऐकू येणार आणि तुमची फोडणी तिला कळणार. तिने तक्रार केली असं धरून बोलू नका, ‘माझं काही अडतं का तुम्हाला?’ एवढं विचारा. इथे माणसं ऑफिसातून एकमेकांशी बोलायला लागली की मॅनेजरचं महत्त्व वाढतं आणि गल्लीचं कमी होतं.

प्रश्न : आमच्या पार्कचा मालक म्हातारा झालाय, मुलांना यात रस नाही. पार्क विकणार अशी कुजबुज आहे. रहिवाशांनी मिळून ते विकत घेणं खरंच शक्य असतं का?

उत्तर : शक्य असतं आणि देशात पुष्कळ ठिकाणी झालंय. न्यू हॅम्पशायरमधल्या मेरेडिथ गावी १९८४ मध्ये रहिवाशांनी सहकारी संस्था काढून आपलं पार्क विकत घेतलं. अशा संस्थांना कर्ज आणि मार्गदर्शन मिळवून देणारी आरओसी यूएसए ही ना-नफा संस्था २००८ पासून देशभर काम करते आहे. मालकी आली की रस्ते, गटारं, पाण्याची जुनी पाइपलाइन यांचा खर्चही आपलाच होतो आणि भाडं वाढवायचा कटू निर्णय शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांसाठी घ्यायचा असतो. तरीही मला हीच वाट सर्वांत चांगली वाटते. वाढलेला पैसा त्याच पार्कच्या जमिनीखाली जातो आणि हिशेब तुम्ही तपासू शकता.

पण कुजबुजीवर बसून राहू नका. कॅलिफोर्नियात मालकाला पार्क विक्रीला काढण्याच्या निदान ३० दिवस आधी रहिवाशांच्या संघटनेला कळवावं लागतं, मात्र केव्हा? संघटनेने आधीच लेखी कळवलेलं असेल तेव्हा, की आम्हाला पार्क घेण्यात रस आहे आणि आमचे पदाधिकारी हे, पत्ते हे. ते पत्र गेलंच नसेल तर मालकावर बंधन नाही. पत्र पोचलं तरी पहिला हक्क मिळत नाही, फक्त वेळेवर बातमी मिळते. पण कर्ज उभं करायला तेवढीच मुदत असते. तुमच्याकडे असोसिएशन आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर वरच्या वाचकांना सांगितलेलं सगळं तुम्हालाही लागू आहे, फक्त घाईने. असेल तर या आठवड्यात पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि दर वर्षी न चुकता पुन्हा पाठवा. पदाधिकारी बदलले की नवी नावं त्याच दिवशी कळवायची. आमच्याकडे मावळत्या सेक्रेटरीने हे पत्र टाकून पावती नव्या सेक्रेटरीच्या हाती द्यायची, असा ठरावच केलेला आहे.