रिपोर्ट नॉर्मल आहे, मग एवढं दुखतं कसं?

"मॅडम, दोनदा सोनोग्राफी केली, दोन्ही वेळा नॉर्मल. डॉक्टर म्हणतात काही नाही. मग ही दर महिन्याला एवढी का लोळते? हिच्या मनातच काही असेल तर तेवढं तुम्ही बघा." समुपदेशक म्हणून थोड्याफार फरकाने हेच बोलणं मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. बोलणारी बहुतेक वेळा आई असते, कधी नवरा. आणि जिच्याबद्दल बोलणं चाललेलं असतं ती शेजारच्या खुर्चीत पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत गप्प बसलेली असते.

याचं उत्तर आधीच देऊन टाकते. पोटावरून केलेली साधी सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे एंडोमेट्रिओसिस नाही, असं म्हणता येत नाही. या आजारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो. अंडाशयावर, गर्भाशयाच्या मागच्या बाजूला, पोटाच्या आतल्या आवरणावर, कधी आतड्यावर, मूत्राशयावर. पाळीच्या चक्राबरोबर तोही सुजतो, त्यातून रक्त झिरपतं, आणि त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग सूज राहते, हळूहळू अवयव एकमेकांना चिकटतात. अंडाशयात गाठ झाली असेल, जिला सगळे चॉकलेट सिस्ट म्हणतात, तर ती सोनोग्राफीत दिसते. आवरणावरचे बारीक चट्टे बहुधा दिसत नाहीत. शिवाय आजार किती पसरलाय यावर दुखणं किती हे ठरत नाही. मोठी गाठ असूनही एखादीला फारसा त्रास नसतो, आणि चार बारीक चट्टे एखादीला अंथरुणातून उठू देत नाहीत.

हा दुर्मीळ आजारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात १९ कोटी स्त्रियांना आणि मुलींना तो आहे. तरीही निदान व्हायला अनेक वर्षं जातात. ती वर्षं कशी जातात हे एका मुलीच्या अनुभवातून सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती २७ वर्षांची, कोल्हापूर भागातल्या एका बँकेत कॅश काउंटरला. आईची तक्रार होती की महिन्यातून दोन-तीन रजा होतात, मुलगी चिडचिडी झालीय, स्थळं बघायचं नाव काढलं की उठून जाते. आई मनापासून काळजीत होती, पण सगळी उत्तरं तीच देत होती. मी मुलीला विचारलं, "पाळी जवळ आली की तू नेमकं काय करतेस?"

ती म्हणाली, "आदल्या दिवसापासून जेवत नाही."

"का गं?"

"जेवलं की सकाळी संडासला जावं लागतं. त्या दिवसांत तिथे बसलं की आतून सुरी फिरवल्यासारखं होतं. एकदा चक्कर येऊन तिथेच पडले. म्हणून पोट रिकामंच ठेवते."

आईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. हे तिने घरात कुणाला सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांना? "बाबा बरोबर असायचे. आणि कुणी विचारलंही नाही."

पाळीत दुखतं एवढंच सांगितलं की आपल्याकडे त्यावर ओवा, शेक आणि एक गोळी हा उपाय ठरलेला असतो. पण पाळीच्या दिवसांत शौचाला किंवा लघवीला होणारा त्रास, संबंधाच्या वेळी दुखणं, पाळी नसतानाही ओटीपोट आणि कंबर धरून राहणं, या गोष्टी ऐकणाऱ्याचे कान टवकारायला हव्यात. मी डॉक्टर नाही, निदान करणं माझं कामच नाही. पण हे दुखणं मनातून आलेलं आहे असं म्हणायला मला काही आधार दिसत नव्हता. उलट चौदाव्या वर्षापासून दर महिन्याला दुखायचं आणि दर महिन्याला "काही नाही" असं ऐकायचं, यातून मन खचलं होतं. निराशा होती, पण ती दुखण्यामागून आलेली होती. आईला मी हे सरळ सांगितलं.

पहिलं काम दिलं ते वहीचं. तारीख, कुठे दुखलं, दहापैकी किती, आणि त्या दिवशी कोणतं काम राहून गेलं. शेवटचा रकाना सगळ्यात उपयोगी पडतो. "आठ" म्हटल्यावर समोरच्याला जे कळत नाही, ते "काउंटरवरून उठता येईना म्हणून शिपायाकडून पाणी मागवलं" यातून कळतं.

तोवर तिने तीन डॉक्टर बदलले होते. "लग्न झालं की बरं होईल," "एक मूल होऊ दे, सगळं सुटेल," हे तिला दोघांनी सांगितलेलं. हा सल्ला अजूनही दिला जातो याचा मला राग येतो. युरोपमधल्या वंध्यत्व आणि प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की केवळ या आजारावर उपाय म्हणून गर्भधारणेचा सल्ला देऊ नये. गरोदरपणात काहींना तात्पुरतं बरं वाटतं, काहींना तेवढंही नाही. आणि जिला संबंधाच्या वेळी दुखण्याची शक्यता आहे, तिला उपाय म्हणून लग्नच सुचवायचं?

आम्ही तिला पुण्याच्या एका सर्जनबाईंकडे पाठवलं. त्या दुर्बिणीतून करायच्या शस्त्रक्रियांमधल्या तज्ज्ञ, आणि बरीच वर्षं मुख्यतः याच आजारावर काम करणाऱ्या. मुलीने आग्रह केला म्हणून मीही बरोबर गेले. सर्जनकडे जायचं म्हणजे ऑपरेशनची तारीख घेऊन यायचं, अशी तिची आणि आईची समजूत होती.

बाईंनी फाइल बाजूला ठेवली. एका कागदावर शरीराची बाह्यरेषा छापलेली होती, पुढून आणि मागून. तो पेनासकट तिच्यापुढे सरकवला आणि जिथे जिथे दुखतं तिथे खुणा करायला सांगितल्या. तिने ओटीपोटावर खूण केली, मग माकडहाडाजवळ, मग उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला. बाईंनी मधे एक शब्दही काढला नाही. नंतर विचारलं, "या दुखण्यापायी तू काय काय सोडलंस?"

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बढतीची परीक्षा. पास झाले तर बदली होणार. नव्या गावात त्या दिवसांत मला गरम पाणी कोण देणार?"

बाईंनी ते जसंच्या तसं केसपेपरवर लिहून घेतलं. मी खूप केसपेपर पाहिलेत, पण असं वाक्य त्यावर लिहिलेलं क्वचितच पाहिलंय. उपचार पुढे ठरले ते या वाक्याला धरून. गाठ किती सेंटिमीटर कमी झाली यापेक्षा ही मुलगी बदलीच्या गावी एकटी राहू शकेल का, हे त्यांच्या दृष्टीने माप होतं.

मग त्यांनी मुलीला विचारलं, "आई बाहेर बसल्या तर चालेल?" ती हो म्हणाल्यावरच आईंना नम्रपणे विनंती केली. तपासणीबद्दल म्हणाल्या, "आतून तपासलं तर मला जास्त कळेल. पण तुझी तयारी नसेल तर आज नको. एमआरआयवरही बरंच समजेल. आणि तपासायचं ठरलंच, तर तू थांब म्हणालीस की मी थांबणार." अविवाहित मुलीला नीट न विचारता, न समजावता तपासणी टाळायची आणि पोटावरच्या सोनोग्राफीवर भागवायचं, ही आपल्याकडची रीत. विचारलं तर मुली स्वतः ठरवू शकतात. तिने एमआरआय निवडला.

त्यात डाव्या अंडाशयात छोटी चॉकलेट सिस्ट आणि गर्भाशयामागे, गुदाशयाच्या जवळ जाड झालेला भाग दिसला. मुलगी रिपोर्ट हातात घेऊन रडली. वाईट वाटून नव्हे. तिच्याच शब्दांत, "मी नाटक करत नव्हते, हे आता कागदावर आलं."

आईने विचारलं, "मग ऑपरेशन कधी?" बाई म्हणाल्या, "लगेच करायलाच हवं असं नाही." रोज २ मिलिग्रॅम डायनोजेस्ट या हार्मोनच्या औषधाची गोळी, ओटीपोटाच्या स्नायूंसाठी फिजिओथेरपी, आणि माझ्याकडची सत्रं, हे तीन महिने करून बघायचं ठरलं. फिजिओथेरपी कशाला, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. वर्षानुवर्षं दुखण्याच्या धास्तीने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळलेलेच राहतात, आणि ते आवळणंच पुढे वेगळं दुखणं होऊन बसतं. मज्जासंस्थाही हळवी होते. ज्या बोटाला पुन्हा पुन्हा ठेच लागलीय ते नुसती चादर घासली तरी झोंबतं, तसं. म्हणून चट्टे काढून टाकले तरी काहींचं दुखणं उरतं. माझ्याकडे आम्ही श्वासावर, झोपेवर, आणि तारीख जवळ आली की चढत जाणाऱ्या भीतीवर काम केलं. हे केल्याने चट्टे जात नाहीत, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

गोळीने पाळीचा त्रास खूप उतरला. पण अधूनमधून डाग पडायचे, आणि मन उदास राहू लागलं. या गोळीने काहींना असं होतं, म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. शौचाच्या वेळचं दुखणं मात्र हटलं नाही. तेव्हा ऑपरेशनचा विचार तिनेच पुढे आणला.

त्याआधी बाईंनी एएमएचची रक्ततपासणी करायला सांगितली. अंडाशयातल्या बीजांचा साठा किती आहे याचा तिने अंदाज येतो. गाठ काढताना निरोगी भागही थोडा जाऊ शकतो, साठा कमी होऊ शकतो, हे लग्नाआधीच्या मुलीला कुणीतरी सांगायला हवंच. बीज गोठवून ठेवण्याचा पर्यायही त्यांनी खर्चासकट सांगितला. तिने तो घेतला नाही. कुणी तिच्या मागे लागलं नाही.

मग संमतीपत्र. आपल्याकडे भरती होताना नातेवाइकांची सही घेतात आणि विषय संपतो. इथे ऑपरेशनच्या आठवडाभर आधी ती, आई आणि बाई एका टेबलाशी बसल्या. कागदावर तीन भाग केले: नक्की काय करणार, आत गेल्यावर अमुक दिसलं तरच काय करणार, आणि काय झालं तरी काय करणार नाही. तिसऱ्या भागात मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "अंडाशय काढायचं नाही. गर्भाशय काढायचं नाही. आतडं कापावं लागेल असं वाटलं तर मला शुद्धीवर आणून विचारायचं."

हे हक्काचं आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. दिल्लीतल्या एका ४४ वर्षांच्या अविवाहित स्त्रीने फक्त दुर्बिणीतून तपासणीला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि अंडाशयं काढली गेली. निदान एंडोमेट्रिओसिसचंच होतं. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तपासणीची संमती म्हणजे अवयव काढण्याची संमती नव्हे, आणि जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान स्त्रीच्या वतीने आईलाही अशी संमती देता येत नाही.

त्या टेबलाशीच आईने विचारलं, "एवढं भूल देताय, तर पुढेमागे पिशवीच काढून टाकलेली बरी नाही का? माझी अडतिसाव्या वर्षी काढली." बाईंनी त्यांना विचारलं, "तेव्हा तुम्हाला काय होत होतं?" आणि त्या बोलायला लागल्या. तेच दुखणं, तीच कंबर. त्यांच्या दुखण्याला कुणी नाव दिलं नव्हतं. जवळच्या नात्यात हा आजार असेल तर मुलीला होण्याची शक्यता वाढते, हे त्यांना तिथे पहिल्यांदा कळलं.

पिशवी काढणं हा आपल्या राज्यात फार सहज हाताशी येणारा उपाय आहे. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांबाबत २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. एंडोमेट्रिओसिसमध्ये चट्टे गर्भाशयाच्या बाहेर असतात. ते तसेच ठेवून नुसती पिशवी काढली तर दुखणं राहू शकतं. कमी वयात दोन्ही अंडाशयं काढली तर हाडं लवकर ठिसूळ होतात. काहींना ही शस्त्रक्रिया लागते, पण सगळं समजून घेऊन आणि बाकीचे उपाय करून झाल्यावर.

ऑपरेशन झालं. चट्टे जाळण्याऐवजी मुळासकट कापून काढले, सिस्टचं आवरण जपून सोडवलं. आतड्याला हात लावावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला मोबाइलवर आतलं चित्रण दाखवलं, कुठे काय होतं, काय काढलं. "पुन्हा होणार नाही ना?" या प्रश्नावर त्या सरळ म्हणाल्या, "होऊ शकतं. म्हणून गोळी चालू ठेवायची आणि वर्षातून एकदा दाखवायचं."

तिचं दुखणं शून्यावर आलेलं नाही. वहीत पूर्वी आठ-नऊ असायचे, आता दोन-तीन असतात, एखाद्या महिन्यात पाच. पण ती त्या दिवसांतही जेवते. बढतीची परीक्षा दिली, बदली झाली, विजेची शेकायची पिशवी घेऊन गेली आणि एकटी राहते आहे. स्थळांच्या बाबतीत तिने स्वतःच ठरवलं की पहिल्या भेटीत नाही, पण होकाराआधी मुलाला आपणच सांगायचं. हा आजार असलेल्या अनेकींना आपोआप दिवस जातात, काहींना उपचार लागतात, एवढं तिला नीट सांगता येतं.

तुमच्या घरात अशी कुणी असेल तर डॉक्टरांकडे जाताना वही न्या आणि तिला काही मिनिटं एकटीने बोलू द्या. ऑपरेशन सुचवलं तर विचारा: अशी शस्त्रक्रिया तुम्ही नेहमी करता का? आतड्यापर्यंत आजार असेल तर त्या विषयाचे सर्जन सोबत असतील का? अंडाशयावर काय परिणाम होईल? ऑपरेशन न करता काय करता येईल? या प्रश्नांनी चिडणाऱ्या डॉक्टरांकडे सही करायची घाई करू नका, दुसरं मत घ्या. आणि घरी येताना ऑपरेशनची नोंद, चित्रण आणि बायोप्सीचा रिपोर्ट मागून घ्या. पुढे दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरांपुढे पुन्हा पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही.