विंडोज सर्व्हर रोजच्या कामाला घेतोयस तर
विंडोज सर्व्हर २०२२ (सर्व्हरसाठी बनवलेली विंडोज) टाकताना 'डेस्कटॉप एक्स्पीरियन्स' लिहिलेला पर्यायच निवड. चुकून कोअर (डेस्कटॉप नसलेला पर्याय) निवडलंस तर समोर फक्त कमांडची काळी विंडो येते, आणि तिथून मागे फिरता येत नाही, सगळं पुन्हा इन्स्टॉल करावं लागतं.

लॅपटॉपवर वायफाय दिसलं नाही तर लगेच ड्रायव्हर शोधत बसू नकोस रे. मी त्यात अख्खी रात्र घालवली होती. सर्व्हर मॅनेजर या विंडोजमधल्याच प्रोग्राममधून 'वायरलेस लॅन सर्व्हिस' हे वायफायचं फीचर आधी जोड, मग रीस्टार्ट कर. आवाज येत नसेल तर विंडोज ऑडिओ सर्व्हिस ऑटोमॅटिक कर. प्रोसेसरचं प्राधान्य मुळात बॅकग्राउंड सर्व्हिसेसना, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या कामांना, दिलेलं असतं. 'परफॉर्मन्स ऑप्शन्स'मध्ये ते प्रोग्राम्सकडे वळव.

आणि चाचणी आवृत्ती १८० दिवसांचीच असते, महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप आजपासूनच घेत जा.