चौदाचे मॅगव्हील आणि तेराची एस्टीम: टायर कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खानापूरला राहता, २००४ ची मारुती एस्टीम सेकंडहँड घेतली आहे. आधीच्या मालकानं कंपनीच्या तेरा इंची डिस्क (म्हणजे लोखंडी रिम) काढून चौदाचे मॅगव्हील (म्हणजे अलॉय चाकं) लावलेत आणि त्यावर १९५/६० आर१४ चे टायर आहेत. मागे तिघं बसून जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याला लागलं की मागचं चाक घासतं. टायर तसेही संपत आलेत, तर आता कोणत्या मापाचे घ्यावेत? स्टेपनी मात्र मूळचीच, १७५/७० आर१३.

ती स्टेपनी जपून ठेवा, कारण सगळा हिशेब तिच्यापासून सुरू होतो. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो "किती इंची?" आणि आपण "चौदा" म्हणून मोकळे होतो. चौदा हे फक्त रिमचं माप झालं. गाडीला कळते ती टायरसकट चाकाची एकूण उंची. १७५/७० आर१३ मध्ये १७५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये आणि ७० म्हणजे त्या रुंदीच्या सत्तर टक्के बाजूची भिंत. म्हणजे १२२.५ मिमी भिंत, वरची आणि खालची मिळून २४५. तेरा इंच म्हणजे ३३०.२ मिमी. बेरीज ५७५.२. तुमच्या एस्टीमचा मडगार्ड, स्पीडोमीटर, गिअरचं गणित हे सगळं या ५७५ च्या आसपास बेतलेलं आहे. नवीन टायर याच्या दीड-दोन टक्क्यांच्या आत बसवायचा, एवढंच धोरण.

आता चौदाच्या रिमवरची मापं त्याच रीतीने काढू. १८५/६० आर१४ ची उंची येते ५७७.६, म्हणजे मूळच्यापेक्षा जेमतेम अडीच मिमी जास्त. १७५/६५ आर१४ ची ५८३.१, सव्वा ते दीड टक्का जास्त. तुमच्याकडे सध्या असलेल्या १९५/६० ची ५८९.६, अडीच टक्के जास्त. वीस वर्षांच्या गाडीला मागे तीन माणसं आणि डिकीत सामान घातल्यावर तेवढी जागा उरत नाही, म्हणून घासतंय.

खरा धोका मात्र वेगळाच आहे. चौदा म्हणालात की बऱ्याच दुकानांत सर्वांत आधी पुढे येतो तो १६५/८० आर१४, कारण पहिल्या पिढीच्या स्विफ्टच्या खालच्या मॉडेलांना हेच माप होतं आणि त्या गाड्या गल्लोगल्ली आहेत. "चौदाचीच आहे की ओ, बसती बघा," असं ऐकायला मिळेल, आणि ते खोटं नाही. टायर रिमवर झकास बसतो. त्याची उंची मात्र ६१९.६ आहे, तुमच्या मूळ चाकापेक्षा ४४ मिमी जास्त. मीटरवर ८० दिसत असताना गाडी खरी ८६ ने पळेल, पहिल्या गिअरला चढावर दम लागेल, आणि घासायचं तर विचारूच नका. १८५/७० आर१४ ची गोष्टही तीच. रुंदी कमी दिसली म्हणून १६५ लहान समजू नका, पुढचा ८० बघा.

मग १८५/६० की १७५/६५? घासतंय कुठे यावर ते ठरेल, आणि हे तुम्ही घरच्या घरी शोधू शकता. मागच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला पत्र्याची जी दुमडलेली कड असते, तिला बोटानं चाचपून पांढऱ्या खडूनं जाड रंगवा. टायरच्या बाहेरच्या खांद्यालाही एक रेघ ओढा. मागे तिघांना बसवून गावातल्या दोन-चार खड्ड्यांतून गाडी फिरवून आणा. मग बघा: खडू कडेवरून पुसला गेला आणि टायरच्या बाहेरच्या खांद्यावर चकचकीत पट्टा दिसला, तर टायर बाहेरून कडेला लागतोय. कडेवरचा खडू जसाच्या तसा आणि आत वरच्या पत्र्यावर काळा डाग असेल, तर उंचीचा प्रश्न आहे. टायरच्या आतल्या भिंतीवर गोल ओरखडा असेल, तर तो शॉकअपला लागतोय.

१९५ वरून १८५/६० वर आलात की प्रत्येक बाजूला ५ मिमी सुटतात आणि वरच्या अंगाला ६ मिमी. १७५/६५ वर आलात तर बाजूला १० सुटतात, पण वर फक्त सव्वातीन. म्हणजे वर लागत असेल तर १८५/६०, बाजूला लागत असेल तर १७५/६५. दोन्हींचा लोड इंडेक्स साधारण ८२ असतो, म्हणजे एका टायरला ४७५ किलो, तुमच्या मूळ मापाला असतो तेवढाच. तरी टायरवर वाचून घ्या, ८२ पेक्षा कमी नको. कागदोपत्री मला १८५/६० जास्त आवडतो, कारण त्याची उंची तेराच्या स्टेपनीशी जवळपास जुळते. पंक्चर झालं तर एका बाजूला तेरा आणि दुसऱ्या बाजूला चौदा अशी गाडी सावकाश घरी येऊ शकते. पण १७५/६५ सहज मिळतो आणि त्याची भिंत जरा उंच, तेव्हा खड्ड्यात रिमला मार थोडा कमी. खानापूर ते रामनगरचा रस्ता ज्यानं पावसाळ्यात पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

टायर बदलण्याआधी अजून एक बघायचं राहिलं. गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपनं मोजा, डावीकडे आणि उजवीकडे. मागे एक बाजू दीड-दोन सेंटीमीटर खाली असेल, तर स्प्रिंग बसलीय. मग कितीही बारीक टायर घातला तरी घासणारच. २००७ च्या सुमारास बंद झालेल्या गाडीत हे अगदी सर्रास दिसतं आणि दोष विनाकारण टायरवर जातो.

आता मॅगव्हील. एक चाक काढून उलटं करा. मागच्या बाजूला स्पोकवर किंवा कडेला ओतीव अक्षरं असतात: '५.५जे' किंवा '६जे' ही रिमची रुंदी इंचात, आणि 'ईटी' पुढे आकडा म्हणजे ऑफसेट, चाक गाडीला टेकतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेरच्या अंगाला आहे ते. ईटी जितका लहान, तितकं चाक बाहेर सरकतं. समजा कंपनीची डिस्क ५ इंची, ईटी ४५ आणि हे मॅगव्हील ६ इंची, ईटी ३५. रुंदीमुळे रिमची बाहेरची कड १२.७ मिमी बाहेर आली आणि ऑफसेटमुळे अजून १०. जवळपास २३ मिमी झाले. टायरमध्ये ५ मिमीचा फेरफार करून तेवढं भरून निघत नाही. असं निघालं तर टायर घेण्याआधी चाकाचाच विचार करा. शिवाय १८५/६० ला साधारण ५ ते साडेसहा इंच आणि १७५/६५ ला ५ ते ६ इंच रिम चालते. तुमची रिम साडेसहा असेल तर १७५ चा नाद सोडा.

बोल्टचं वर्तुळही तपासा, म्हणजे चारही बोल्टांच्या मध्यातून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, मिमीमध्ये. एस्टीमला चार नट आणि ११४.३ चं वर्तुळ. स्विफ्टला चारच, पण १००. लांबून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून कुणी स्विफ्टचे मॅगव्हील भोकं मोठी करून किंवा अडॅप्टर घालून बसवलेले असू शकतात. तसलं काही दिसलं तर ते चाक हायवेवर नेऊ नका. जाडी वाढवायला घातलेला स्पेसर असेल तर तोही काढा.

ऐंशी-नव्वदला स्टीअरिंग थरथरतं का ते तुम्ही लिहिलेलं नाही. थरथरत असेल आणि बॅलन्सिंग करूनही जात नसेल, तर मधलं भोक बघा. एस्टीमचा हब (गाडीचा मधला गोल उंचवटा, ज्यावर चाक बसतं) ६०.१ मिमीचा, आणि बाजारातल्या मॅगव्हीलचं भोक बऱ्याचदा ७३.१ असतं, म्हणजे तेवढी मोकळीक. चाक फक्त नटांवर मधोमध बसवावं लागतं आणि मिस्तरी घाईत असला की ते थोडं सरकतंच. मध्ये घालायची रिंग मिळते. तयार नाही मिळाली तर बेळगावात उद्यमबागेत एखाद्या लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमची काढून घ्या. हब आणि चाक दोन्ही दाखवायला घेऊन जा, नुसते आकडे सांगून काम होत नाही. फार खर्चाचं काम नाही आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो.

पंधराच्या चाकाचा मोह मात्र टाळा. १९५/५० आर१५ उंचीला ५७६ भरतो, गणितात अगदी चपखल. पण भिंत उरते ९७.५ मिमी. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांनी खणून ठेवलेल्या रस्त्यावर ती रिम वाकायला वेळ लागत नाही, आणि चोर्ल्याच्या पावसात हलक्या गाडीला रुंद टायर पाण्यावर जास्त तरंगतो.

कायद्याचं एवढंच: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल करायला परवानगी नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच बजावलं. तुमच्या गाडीला पंधरा वर्षं उलटून गेलीत, तेव्हा दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी आरटीओत गाडी दाखवावी लागणार. त्या दिवशी मडगार्डच्या बाहेर आलेलं चाक डोळ्यांत भरतं. मूळच्या तेराच्या डिस्क कुठे विकत मिळाल्या तर घेऊन ठेवा.

खरेदी करताना टायरच्या भिंतीवर लांबट चौकटीतले चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. १८५/६० सारख्या मापाचा खप कमी, त्यामुळे जुना माल अंगावर येण्याची शक्यता जास्त. दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर दुसरा मागवायला सांगा, चार दिवस थांबा. बसवून झाल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनी नट पुन्हा एकदा आवळून घ्या, मॅगव्हीलचे नट ढिले पडतात.

चाक उलटं केल्यावर रुंदी आणि ईटी काय निघतं, आणि खडू कुठला पुसला, हे इथेच लिहा. मग १७५ की १८५ ते नक्की सांगतो.