सोलापूरच्या गड्डा यात्रेतून घेतलेला नारिंगी, चमचमणारा खडा खरा सनस्टोन आहे की काच, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

फोटोवरून छातीठोक सांगता येत नाही. पण चमक सगळीकडे सारखी, दाट आणि रंग तपकिरी-तांबूस असेल तर तो बहुतेक गोल्डस्टोन, म्हणजे तांब्याचे कण असलेली काच.

खरा सनस्टोन हा फेल्डस्पार नावाच्या खनिजाचा खडा. भारतीय खड्यांत बहुधा हेमॅटाइटच्या (लोहाच्या खनिजाच्या) पातळ पापुद्र्यांमुळे चमक येते, अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या खड्यांत तांब्यामुळे. हे पापुद्रे स्फटिकाच्या ठरावीक पातळ्यांना समांतर बसलेले असतात, आणि ओळखण्याची खरी खूण तीच. खडा उन्हात धरा (ट्यूबलाइटखाली नको, तिचा उजेड पसरट असतो) आणि हळूहळू फिरवा. फेल्डस्पार असेल तर एका कोनात अख्खा पट्टा एकदम पेटतो, जरा वळवला की विझतो. काचेतले कण वाट्टेल तसे पडलेले, त्यामुळे कसंही फिरवा, काही ना काही लुकलुकतच राहतं.

मग १० पट भिंग. काचेत तांब्याचे नेटके त्रिकोण-षटकोन दिसतात, साधारण एकाच मापाचे, कधी मध्येच गोल बुडबुडा. सनस्टोनमधले पापुद्रे लहान-मोठे, लालसर, कुठे दाट तर कुठे अगदीच विरळ. खडा निळा असेल तर पुढचं वाचूच नका, ती काचच.

पाण्यात वजन करून घनता काढायचा सल्ला सर्रास दिला जातो. इथे तो निरुपयोगी आहे: ऑलिगोक्लेज (फेल्डस्पारचा एक प्रकार) सनस्टोनची घनता २.६५ च्या आसपास आणि गोल्डस्टोनची २.५ ते २.८. दोन्ही एकमेकांत मिसळतात. चाकूने ओरखडाही काढू नका. फेल्डस्पारची कठीणता मोह्स मापावर ६ ते ६.५, काचेची थोडीच कमी. कळणार काही नाही, खडा मात्र खराब होईल.

शंका उरलीच तर रत्नपरीक्षण लॅबमध्ये रिफ्रॅक्टोमीटरवर (खड्यात प्रकाश किती वाकतो ते मोजणारं उपकरण) तपासून घ्या. ऑलिगोक्लेज सनस्टोनला १.५३ ते १.५५ च्या दरम्यान दोन वाचनं मिळतात, काचेला एकच.

आणि 'इथल्याच शेतात सापडला' असं विक्रेता म्हणाला असेल तर हसून सोडा. सोलापूरच्या काळ्या बेसॉल्टमध्ये फेल्डस्पार भरपूर असतो, पण बारीक कणांचा. त्यातून अंगठीचा चमचमता खडा निघत नाही.

खरा निघाला तर अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये धुऊ नका. फेल्डस्पार दोन दिशांनी सहज चिरतो. कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश पुरे.