जबड्याआधी रंगाला हात लावू नकोस

कसबा पेठ, पुणे

चि. मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

जुना बोलका बाहुला दुरुस्तीला घेतल्याचे तुझे पत्र मिळाले. चेहऱ्याचा रंग उडाला आहे, म्हणून आधी तो खरवडून काढावा असे तू लिहितोस. कृपा करून तसे करू नकोस. उमेदीच्या काळात मी एका बाहुल्याचा चेहरा नव्याने रंगवला होता. काम सफाईदार झाले होते, पण ज्या शब्दभ्रमकाराचा, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलते करणाऱ्या कलावंताचा, तो बाहुला होता ते त्याला मांडीवर बसवून बराच वेळ नुसते पाहत राहिले आणि म्हणाले, "हा माझा नाही." भुवईची वाकडी रेघ मी सरळ केली होती आणि ती परत आणायला माझ्याजवळ एकही छायाचित्र नव्हते. तेव्हा आधी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढ आणि कोणती दोरी कोणत्या खटक्याला जाते ते कागदावर उतरवून घे.

खरे काम जबड्याचे आहे. प, ब, भ, म ही अक्षरे ओठ मिटल्याशिवाय नीट उमटत नाहीत. शब्दभ्रमकाराला ती ओठ न हलवता जिभेच्या आधाराने काढावी लागतात, आणि त्यात राहिलेली उणीव बाहुल्याचा हलता जबडा झाकतो. म्हणून 'बाबा' म्हणताना जबडा दोनदा उघडून दोनदा मिटलाच पाहिजे. स्प्रिंग सैल असेल तर दुसऱ्या अक्षराला तो मागे पडतो, आणि फार ताठ असेल तर प्रयोग संपेपर्यंत कलावंताचे बोट भरून येते. बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांतून निरनिराळ्या ताणाच्या चार-पाच स्प्रिंगा आण, एकेक बसव आणि मोठ्याने बोलत जबडा चालवून पाहा. न बोलता तपासलेल्या स्प्रिंगवर माझा विश्वास नाही. मिटताना टक् असा आवाज येत असेल तर कडेला मऊ कातड्याची पट्टी लाव, कारण माइक तो आवाज हमखास टिपतो.

डोके कागदाच्या लगद्याचे असेल तर पावसाळ्यात ते ओल धरते आणि जबडा गालाला घासू लागतो. तेव्हा लगेच कानस हाती घेऊ नकोस, हवेशीर सावलीत डोके पूर्ण सुकू दे. श्रावणात घासून मोकळा केलेला जबडा उन्हाळ्यात खुळखुळतो. लाकडी सांधे सरसाने, म्हणजे कातड्या-हाडांपासून केलेल्या जुन्या चिकट पदार्थाने, जोडलेले असतील तर पुन्हा सरसच वापर, कारण ऊब आणि ओलावा दिला की तो सुटतो; इपॉक्सी या पक्क्या रासायनिक गोंदाने जोडलेले उघडायचे तर बहुधा लाकूडच फोडावे लागते. अर्धवटराव हा प्रसिद्ध बोलका बाहुला शब्दभ्रमकार यशवंत पाध्ये यांच्याकडून त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांच्याकडे आला, तसा तुझ्या हातातला बाहुलाही उद्या दुसऱ्या कोणाकडे जाईल आणि त्यालाही कधीतरी तो उघडावा लागेल.

रविवारी सकाळी बाहुला घेऊन ये. पाठीचे झाकण आपण दोघे मिळून उघडू.

तुझा शुभचिंतक