शॅकल लांब केले आणि स्टिअरिंग थरथरू लागलं

जुन्या फोर बाय फोर गाड्यांच्या पाट्यांबद्दल (लीफ स्प्रिंग) आणि स्टिअरिंगबद्दल या वेळी इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले. निवडक प्रश्नांची उत्तरं देतो. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण तो जिवाशी खेळ आहे.

प्रश्न: माझ्याकडे १९९४ ची महिंद्रा एमएम ५४० आहे. रविवारी मित्रांसोबत चोरल, पातालपाणी, जानापाव अशा फेऱ्या असतात. मोठे टायर बसावेत म्हणून चारही शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारे हलते दुवे) दोन-दोन इंच लांब करून घेतले. गाडी छान उंच दिसते, पण ५५ च्या वर गेलं की सरळ धावत नाही, सारखी सावरावी लागते. एखाद्या खड्ड्यातून चाक गेलं की स्टिअरिंग असं थरथरतं की गाडी जवळजवळ उभी करावी लागते. स्टिअरिंग डँपर लावला, पंधरा दिवस बरं वाटलं, परत तेच. (सुदामानगर, इंदूर)

उत्तर: आधी एक विनंती. दुरुस्ती होईपर्यंत ही गाडी हायवेवर काढू नका. खंडवा रोडला भेरूघाटात तर मुळीच नेऊ नका.

आता कारण सांगतो. तुमच्या जीपला पुढे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतो, मागचं टोक चेसिसला पक्कं. शॅकल लांब केला की पाट्याचं पुढचंच टोक खाली जातं, म्हणजे पाटा पुढे झुकतो. ॲक्सल पाट्याला यू-बोल्टने आवळलेला असल्यामुळे तोही पुढे कलतो. चाक ज्या किंग पिनवर वळतं ती वरच्या बाजूने थोडी मागे झुकलेली हवी. त्या झुकावाला कॅस्टर म्हणतात. सायकलचा पुढचा चिमटा जसा तिरका असतो आणि हात सोडले तरी सायकल सरळ चालायला त्याची मदत होते, तसंच हे. या जुन्या जीपना कॅस्टर मुळातच तीन अंशांच्या आसपास. पाटा एका डोळ्यापासून (टोकाची गोल कडी) दुसऱ्यापर्यंत अंदाजे एक मीटर धरा. त्याचं एक टोक दोन इंच खाली गेलं की साधारण तीन अंशांचा फरक पडतो. झालं, सगळा कॅस्टर गेला. उंची मिळाली किती? दोन इंच शॅकलला एक इंच, कारण ॲक्सल पाट्याच्या मध्यावर आहे. म्हणून सांगतो, गाडी उंच करणं हे पाट्यांचं काम वाटतं, पण ते निम्म्याहून जास्त स्टिअरिंगचं काम आहे.

थरथरण्यात मात्र एकट्या शॅकलचा दोष नाही. कॅस्टर गेला म्हणून आधीपासूनची ढिलाई बाहेर आली. ती शोधायला मशीन लागत नाही, एक माणूस आणि अर्धा तास लागतो. गाडी चाकांवरच उभी ठेवा. एकाने स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं हलवत राहायचं. तुम्ही खाली झोपा आणि एकेका जॉइंटवर पंजा ठेवा, असा की दोन्ही तुकडे एकाच वेळी हाताला लागतील. जॉइंट चांगला असेल तर दोन्ही बरोबर सरकतात. गेलेला असेल तर एक तुकडा आधी हलतो, दुसरा मागून येतो, आणि तळहाताला बारीक ठोका लागतो. डोळ्याला दिसत नाही तेही हाताला कळतं. पिटमन आर्मपासून (स्टिअरिंग बॉक्समधून निघणारा दांडा) सुरुवात करून ड्रॅग लिंकची (तिथून चाकाकडे जाणारा दांडा) दोन्ही टोकं, मग टाय रॉडची (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) दोन्ही टोकं. गाडी जुन्या सीजे ३ बी सारखी असेल तर मध्ये बेल क्रँक, म्हणजे खुंटीवर फिरणारा जोडदांडा, असतो. त्याचा बुश बहुतेक वेळा खाल्लेला सापडतो आणि तो कोणी बघतच नाही.

त्यानंतर पुढचं एक चाक जॅकवर घ्या. घड्याळात बारा आणि सहा वाजतात तिथे टायर धरून हलवा. प्ले (ढिलाई) लागला तर जोडीदाराला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे. तरीही राहिला तर किंग पिनची बेअरिंगं. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज किंग पिनचाच आहे. वरच्या टोपीखाली पातळ शिम, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, असतात. बेअरिंगवर खळगे पडले नसतील तर शिम कमी करून ताण बसवता येतो. खळगे असतील तर वाटीसकट बेअरिंग बदला, शिमने भागवू नका. डँपरने पंधरा दिवस बरं वाटलं ते यामुळेच: तो थरथर दाबतो, ढिलाई तशीच राहते, उलट दाबलेल्या थरथरीत जॉइंट आणखी खातात.

मग काय करायचं? पुढचे जुने शॅकल परत लावा. मला माहीत आहे, मोठ्या टायरांवर पैसे गेले आहेत आणि हे ऐकायला कडू लागतं. कोणी सांगेल की ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये पाचर घाला, कॅस्टर परत येईल. येतो, पण त्याच वेळी पुढच्या डिफरन्शियलचं तोंडही खाली फिरतं आणि प्रॉपेलर शाफ्टच्या (ॲक्सलला ताकद नेणारा फिरता दांडा) क्रॉसवर, म्हणजे सांध्यावर, कोन वाढतो. अर्धा-एक अंश सुधारायला पाचर ठीक, आणि तीही लोखंडी, सेंटर बोल्ट आरपार गेलेली.

उंची हवीच असेल तर ती पाट्यातूनच घ्या. पण त्याआधी पाटे उघडा, ही माझी कळकळीची विनंती. आमच्या माळव्याच्या काळ्या मातीत दोन पावसाळे फिरलेल्या गाडीचे पाटे मी उघडतो तेव्हा पानांच्या मध्ये गंज आणि वाळलेला चिखल यांचा कडक थर असतो, छिन्नी लावावी लागते. अशी पाच-सहा पानं एकमेकांवर सरकतच नाहीत, सगळा पाटा एका जाड फळीसारखा वागतो. मग लोक म्हणतात जीपच कडक असते. पानं सुटी करा, वायर ब्रशने चकचकीत घासा, प्रत्येक पानाची टोकं बघा, कारण वरच्या पानाला खालच्या पानाच्या टोकाने खाच पाडलेली असते आणि पान तिथूनच तुटतं. खाच खोल असेल तर पान बदला. ग्रॅफाइट ग्रीस लावून परत बांधा. बसलेल्या पाट्यांना पाटेवाल्याकडून मूळ कमान देऊन घेतलीत की बऱ्याचदा इंच-दीड इंच उंची तिथेच परत मिळते, जी गाडीची स्वतःचीच होती. यू-बोल्ट नवे घ्या, जुने एकदा ताणलेले असतात. शॅकलमध्ये रबर बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी जमिनीवर चाकांवर आल्यावरच आवळा. जॅकवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि महिन्यात फाटतं. शंभरेक किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा एकदा पाना लावून बघा.

शेवटी टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूने किंचित आत वळलेली असणं. दोन्ही चाकं उचलून, फिरवत, टायरच्या मधोमध खिळ्याने रेघ पाडा. गाडी खाली घेऊन थोडी पुढे ढकला, म्हणजे चाकं बसतील. रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून, एकाच उंचीवर मोजा. पुढचं माप दीड-दोन मिलिमीटर कमी हवं.

प्रश्न: जिप्सीचे पाटे ॲक्सलच्या खाली असतात. ते वर घेतले तर एकदम पाच इंच उंची मिळते असं ऐकलं. लेथवाला तयार आहे, ड्रॅग लिंकही वाकवून वेल्ड करून देतो म्हणतो. करू का? (लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर: उंची मिळते, हे खरं आहे. ॲक्सलच्या नळीची जाडी आणि पाट्याची जाडी मिळून तेवढी होते. पण चेसिस वर गेली की स्टिअरिंग बॉक्सही वर जातो, चाक खालीच राहतं आणि ड्रॅग लिंक उतारासारखी तिरकी होते. तिरकी लिंक म्हणजे पाटा दबला की चाक आपोआप वळणार. तुम्ही स्टिअरिंग सरळ धरलेलं असेल, गाडी खड्ड्यात दबेल आणि बाजूला जाईल. लिंक जितकी आडवी, तितका हा दोष कमी. म्हणून नुसते पाटे वर घेऊन चालत नाही, नकलवर (किंग पिनवर चाकासोबत वळणारा भाग) उंच स्टिअरिंग आर्म बसवून लिंकही वर आणावी लागते. शिवाय ब्रेकचे लांब होज, प्रॉपेलर शाफ्टची लांबी, नवे बम्प स्टॉप (पाटा पूर्ण दबला की ॲक्सल टेकतो ते रबर). आणि जोर लावताना ॲक्सल पाट्याला एसच्या आकारात पिळतो, त्याचाही बंदोबस्त. हे सगळं एकदम करायची तयारी नसेल तर करू नका. चोरलच्या खडकांत मूळ उंचीच्या, मोकळ्या पाट्यांच्या जिप्सी मी आरामात चढताना पाहिल्या आहेत.

वेल्ड केलेल्या लिंकबद्दल मात्र माझं उत्तर एकच आहे, स्पष्ट नकार. २००३ साली मी स्वतः अशी एक लिंक करून गाडी दिली होती. तीन महिन्यांनी ती गाडी ऑइल बदलायला आली. गॅरेजच्या फाटकात उभ्या उभ्या स्टिअरिंग वळवताना टक् आवाज झाला आणि चाक वळायचं थांबलं. लिंक हातात घेतली तर तुटलेल्या जागेचा अर्धा भाग तपकिरी गंजलेला आणि अर्धा नवा चकचकीत. भेग कित्येक दिवस आत वाढत होती आणि वरून वेल्ड अगदी सुबक दिसत होता. त्या गाडीचे मालक आदल्या रविवारी घरच्यांना घेऊन जाम घाट उतरून महेश्वरला जाऊन आले होते. लिंक बनवायचीच तर एका अखंड जाड सीमलेस पाइपची, दोन्ही टोकांना लेथवर आटे पाडलेली, एका टोकाचे उलटे, आणि दोन्हीकडे लॉक नट. मध्ये जोड नको.

प्रश्न: लिलावात घेतलेली जोंगा (लष्कराची जुनी फोर बाय फोर) आहे. स्टिअरिंग फार जड. दुसऱ्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग बसेल का? (वडोदरा)

उत्तर: बसतं. पण आधी टायर बघा. रुंद टायर आणि बाहेर निघालेली रिम असेल तर चाक किंग पिनपासून लांब घासत वळतं, जड लागणारच. हवा, किंग पिनचं ग्रीस, बॉक्समधलं तेल हे तपासून झाल्यावरच पुढे जा. बॉक्स बसवताना चेसिसला नुसती भोकं पाडू नका. आतून प्लेट आणि बोल्टसाठी आरपार नळ्या हव्यात, नाहीतर पंपाच्या जोराने तिथेच चेसिस तडकते. बसवल्यावर दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा: ॲक्सलचे स्टॉपर बोल्ट आधी टेकले पाहिजेत, बॉक्स आतून आधी टेकता कामा नये.

प्रश्न: असे बदल कायद्याने चालतात का? (महू)

उत्तर: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवून दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी नवं करताना तपासणी होते, तेव्हा आरटीओला विचारून, लेखी घेऊनच पुढे जा. मूळ मापाचे पाटे, बुश, बेअरिंग बदलायला कोणाची परवानगी लागत नाही.

सुदामानगरच्या वाचकांनी जुने शॅकल लावल्यावर मला तीन गोष्टी कळवाव्यात: टो-इनचं माप, ब्रेक दाबल्यावर चाकाचा प्ले जातो की राहतो, आणि पाटे उघडल्यावर मुख्य पानाला खाच किती खोल होती.